आईची पद्मिनी

घरातल्या जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपण मध्यमवर्गीय माणसे मोठी विलक्षण आहोत. तांब्याचा बंब, पायाने चालवायचे शिवणयंत्र, बंद पडलेला रेडिओ यांतले आपण काही टाकत नाही आणि काही वापरतही नाही. माळ्यावर जागा आहे तोवर वस्तू ‘आठवण’ असते; जागा संपली की एका रात्रीत तिची ‘अडगळ’ होते. सगळा व्यवहार माळ्याच्या मापाने चालतो, त्यामुळे त्यात फारसे भांडण होत नाही. पण जी वस्तू माळ्यावर चढवता येत नाही ती जुनी झाली म्हणजे घरात काय काय होते, ते मला २०२५ साली पाहायला मिळाले. वस्तू म्हणजे मोटार. प्रीमियर पद्मिनी, रंग मलईचा, जन्म १९८५ च्या दसऱ्याचा.

चार वर्षे ती आमच्या इमारतीच्या आवारात बकुळीखाली उभी होती. २०२१ मध्ये आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिने गाडी चालवणे सोडले. त्यानंतर गाडीवर ताडपत्री आली, ताडपत्रीवर बकुळीची फुले आली, पुढे मांजरीची पिल्ले आली आणि शेवटी सोसायटीची नोटीस आली. इमारत पुनर्विकासाला जाणार होती. पुण्यात कर्वे रस्त्याच्या आसपास आता पुनर्विकासाला न निघालेली जुनी इमारत शोधावी लागते, तेव्हा त्यात नवल नव्हते. नोटिशीत लिहिले होते की, आवारातील ‘बंद वाहने’ ३१ मेपर्यंत हलवावीत, अन्यथा ती सभासदाच्या खर्चाने हलवण्यात येतील. ‘बंद वाहने’ असे अनेकवचन घातले होते खरे, पण वाहन एकच होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही गाडी आमच्या वडिलांची नव्हे. आमच्या ओळखीचे लोक अजूनही ‘तुमच्या वडिलांची फियाट’ असे म्हणतात, आणि आई ते दरवेळी दुरुस्त करते. आई दूरध्वनी खात्यात नोकरीला होती. गाडीसाठी नाव तिने नोंदवले आणि काही वर्षे वाटही तिनेच पाहिली. त्या काळात मोटारीची वाट पाहणे हा संसाराचाच एक भाग होता. मधेच, १९८३ च्या डिसेंबरात, मारुती आली. किंमत ४७,५०० रुपये. जो तो आईला सांगू लागला की नोंदणी रद्द कर आणि मारुती घे. आईने ती जाऊन पाहिली, मागच्या बाजूला बसून पाहिले आणि म्हणाली, “सासूबाई, त्यांची ट्रंक आणि दोन पोरं यांतलं एक काहीतरी घरी ठेवावं लागेल.” विषय तिथेच संपला.

वडील संस्कृतचे शिक्षक. मोटार चालवायला ते कधी शिकले नाहीत आणि त्याचे त्यांना कधी वाईटही वाटले नाही. आई चालवायची आणि ते डाव्या बाजूला बसून रस्त्यावरच्या पाट्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. गाडीचे नाव मात्र त्यांना मनापासून आवडे. चितोडच्या राणीचे नाव म्हणून कंपनीने ते ठेवले असेल. वडिलांना त्यातून कामशास्त्रातले नायिकांचे चार प्रकार आठवत. पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी, हस्तिनी. शेजारच्या डॉक्टरांच्या अॅम्बॅसडरला ते आयुष्यभर ‘हस्तिनी’ म्हणत आले. डॉक्टरांना त्याचा अर्थ कळला नाही म्हणून शेजार टिकला.

तशी ही राणी मूळची इटलीची. फियाट ११०० या गाडीचा हा भारतीय अवतार. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पन्नाशीच्या दशकातल्या गोल पाठीच्या गाडीला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ मध्ये तिचेच नाव ‘पद्मिनी’ झाले. १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन, आणि गिअरचा दांडा पायाशी नसून स्टिअरिंगच्या मानेला. मुंबईकरांनी ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिली. विसावे शतक संपता संपता कारखान्यातून ती निघायची बंद झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. ही शेवटची गोष्ट पुढे आमच्या उपयोगी पडली, ती येईलच.

नोटीस आली त्या रात्री धाकट्या भावाचा बंगळूरहून फोन आला. त्याचे म्हणणे स्वच्छ होते. “दादा, सरकारमान्य भंगार केंद्रात दे. प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. आईचे पैसे त्या पत्र्यात घालू नकोस. डावा गुडघा अजून व्हायचाय तिचा.” यात चुकीचे काय होते? काहीच नव्हते. आईच्या नावावर सव्वा लाखाची एक मुदतठेव होती, ती फेब्रुवारीत पिकणार होती, आणि त्याच्या मते ती गुडघ्यासाठी होती. आमची सौ. सहसा कोणाची बाजू घेत नाही, तीही म्हणाली, “भावजी म्हणतात ते अगदीच खोटं नाही.” आमच्या कन्येला, म्हणजे बारावीच्या मुलीला, गाडी हवी होती, पण तिच्या मताला कोणी विचारले नाही.

आई सगळे ऐकून घेत गवार मोडत बसली होती. गवार संपल्यावर म्हणाली, “गुडघ्याचा विमा आहे. गाडीच्या दुरुस्तीचा नाही. ठेव माझी आहे. सव्वा लाखात ती चालती झाली तर ठेवायची. नाही झाली तर भंगारात. शोभेची गाडी मला नको आणि सव्वा लाखावर एक रुपया नको.”

ही अट मला तेव्हा फार कडक वाटली. पुढे कामाला लागल्यावर लक्षात आले की तिच्यात सगळे वेळापत्रक आणि सगळे अंदाजपत्रक आले होते.

प्रथम आम्ही जुन्या गाड्या नव्या करून देणाऱ्या एका मोठ्या कार्यशाळेत गेलो. भिंतीवर चकाकणाऱ्या मोटारींची छायाचित्रे होती, कॉफी मिळाली, आणि आकडा मिळाला पावणेपाच लाखांचा. त्यात सगळी गाडी उघडून, खरवडून, रंगवून, चामड्याच्या बैठका घालून मिळणार होती. शिवाय, “सर, गाडी आता व्हिंटेज झाली आहे,” असे त्या तरुण गृहस्थांनी मला समजावले. वास्तविक सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडीच त्या वर्गात बसते. आमची चाळिशीतली, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिला व्हिंटेज म्हणायचे तर मला काय म्हणायचे, हा प्रश्न मी कॉफीबरोबर गिळला.

मग आईनेच नाना पेठेतल्या तिच्या जुन्या मिस्त्रींचे नाव काढले. हे मिस्त्री आता सत्तरीला आलेले. त्यांचा मुलगा एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून गाड्या तपासतो. वडिलांच्या गाळ्यात मात्र एक खाट, एक जॅक आणि पान्यांची एक लाकडी पेटी एवढेच उरले आहे. मिस्त्री रिक्षाने आले. त्यांनी ताडपत्री काढली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “घरात लोहचुंबक आहे का?”

कन्येने फ्रीजच्या दाराला लावायचे गणपतीचे चुंबक आणले. मिस्त्रींनी ते फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने फिरवायला सुरुवात केली. जिथे पत्रा आहे तिथे ते चिकटायचे. जिथे पत्रा सडून आत लांबी भरली आहे, म्हणजे पुट्टी, तिथून गणपती सरळ खाली पडायचा. डाव्या बाजूला तो चार वेळा पडला. मग त्यांनी आतली रबरी चटई उचलली आणि जमिनीच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टोचले. चालकाच्या पायांखाली तो आरपार गेला.

“इंजिनाचं नंतर बघू,” मिस्त्री म्हणाले. “आधी टिनकाम.”

या वाक्यामागचे कारण त्यांनी मला उकिडवे बसवून समजावले, आणि जुनी गाडी हाताशी असलेल्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे म्हणून इथे थोडा थांबतो. ट्रकला किंवा जीपला खाली एक भक्कम लोखंडी चौकट असते. वरचा सांगाडा सडला तरी भार चौकट घेते. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. जमीन, दारांखालचे पोकळ उंबरे, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा कणा होतो. तेव्हा उंबरा गंजला म्हणजे रूप गेले एवढेच होत नाही, कणा पोखरला जातो. हे उंबरे आतून पोकळ असतात, पावसाचे पाणी त्यांत उतरते, खालची पाणी जायची भोके मातीने बुजतात आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून रंग छान दिसतो तेव्हा आत काम बरेच पुढे गेलेले असते. म्हणून खिशात पैसे थोडे असतील तर ते रंगाला घालणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला तोरण बांधणे. चकचकीत रंगाची जुनी गाडी विकत घेताना फ्रीजवरचा गणपती खिशात न्यावा, असे मी अलीकडे सगळ्यांना सांगत असतो.

टिनकामाचा अंदाज ३८ हजारांचा आला. तेव्हा आईने आतल्या खोलीतून वही आणली.

या वहीविषयी मला थोडीशी माहिती होती, पण ती काय चीज आहे हे त्या दिवशी कळले. १९८५ पासूनच्या तीन जाड वह्या, शेवटची २०२१ ची. प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, भाव, किलोमीटरचा आकडा आणि ‘शेरा’. दूरध्वनी खात्यात नोंद ठेवायची सवय. शेरे सगळे तारेसारखे. ‘क्लच नवा.’ ‘पाणी गळती, पंप.’ ‘ह्यांनी दार आपटले, मूठ तुटली.’ मिस्त्रींनी चष्मा लावला आणि २००३-०४ च्या पानांवर येऊन थांबले. त्या एका वर्षात ‘टॅपेट लावले’ असा शेरा तीनदा होता, आणि २००५ मध्ये ‘हेड उतरवले, झडपांच्या सीट कडक बसवल्या’.

“हे वाचलंत का सर? अकरा-बारा हजार वाचले तुमचे,” मिस्त्री म्हणाले.

झाले होते असे. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. आरोग्याला ते वाईटच, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर ते बंद झाले ते योग्यच झाले. पण जुन्या इंजिनांत त्या शिशाचा एक थर झडपांच्या बैठकांवर बसायचा आणि झडप आपटताना उशीसारखा काम करायचा. उशी गेल्यावर धूर बाहेर सोडणारी झडप आपल्या बैठकीत हळूहळू रुतू लागते. ती रुतली की टॅपेटची फट कमी होते आणि पुनःपुन्हा लावावी लागते. आईने कारण न कळता लक्षण टिपून ठेवले होते, आणि मिस्त्रींनी त्याच सुमाराला कडक सीट बसवून दिल्या होत्या. आता हेड उघडायचे कारण उरले नव्हते. त्यांनी प्लग काढले, चारही भोकांत थोडे थोडे तेल सोडले, दोन दिवस तसेच ठेवले आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते फिरले. नंतर दाबमापक लावला. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले. “चालतंय त्याला हात लावायचा नाही,” असे म्हणून त्यांनी बॉनेट मिटले.

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मिस्त्रींच्या बोलण्याकडे माझे निम्मे लक्ष असे. त्यांच्या भाषेत इंजिन ‘बसते’, बॅटरी ‘उतरते’, गाडी ‘तेल खाते’ आणि नटाचे आटे ‘मरतात’. वर्गात चेतनगुणोक्तीची उदाहरणे देताना इतकी वर्षे मी चंद्र, वारा आणि नदी यांच्यावर भागवत होतो. आता नाना पेठेतून ताजा माल येतो.

फेब्रुवारीअखेर गाडी टोचनाने टिनकामवाल्याकडे गेली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा निरोप आला की येऊन पाहून जा. डावा उंबरा कापल्यावर आत कधीकाळी मारलेला दुसरा एक पत्रा निघाला होता, आणि त्याच्या आडोशाने मागच्या पाट्यांना धरणारा भागही गंजला होता. ते केल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे. आणखी ११ हजार. म्हणजे एकूण ४९.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आकडेमोड झाली. ब्रेकला १४ हजार: चारही चाकांना ड्रम, प्रत्येकात तेलाच्या दाबाने चालणारे सिलिंडर, ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि गाडी उभी राहिली की ते सिलिंडर आतून गंजतात. त्यात तडजोड नाही. वायरिंगला साडेतेरा, जुन्या तारांचे आवरण बोटाने चुरत होते, आणि आगीशी खेळ कोण करणार. रेडिएटर, बॅटरी, पेट्रोलच्या बाजूचे काम, मिस्त्रींची मजुरी. नोंदणी ऑक्टोबरात संपत होती, तिच्या नूतनीकरणाचे पाच हजार. टिनकाम ३८ धरले होते तेव्हा थोडाफार रंग बसत होता. ४९ झाल्यावर हातात साडेबारा हजार उरले. त्यात सगळ्या गाडीचा रंग काय, एक बाजूही धड झाली नसती.

सौ. म्हणाली, “मग बंपरचं निकेल?” आई म्हणाली, “राहू दे.” “सीट?” “तू कव्हरं शिवशील का?” सौ.ने हो म्हटले, पण तिचा चेहरा पडला. तिची बाजू मला समजत होती. नातेवाइकांपुढे आणायची गाडी ठिगळांची आणायची, म्हणजे सव्वा लाख कुठे गेले हे प्रत्येकाला समजावत बसावे लागणार.

भावाला हे कळले तेव्हा त्याने आश्चर्याचा धक्का दिला. भंगारात दे म्हणणारा तो, म्हणाला, “आई, एवढं केलंच आहेस तर रंगाचे पैसे मी देतो. मस्त लाल करू.” आईने क्षणभरही विचार केला नाही. “रंगाला नको. टायरला दे.”

टायर खरोखरच कोणाच्या हिशेबात आले नव्हते, कारण वरून ते धडधाकट दिसत होते. पण एकाच जागी उभ्या राहिलेल्या टायरला बसका भाग पडतो, बाजूला बारीक भेगा जातात, आणि नक्षी शाबूत असली तरी तो वेगात भरवशाचा राहत नाही. भावाने १४ हजार पाठवले. चिठ्ठी वगैरे काही नाही; बँकेचा संदेश आला तेवढाच. मात्र त्यानंतर रविवारच्या फोनवर गुडघ्याआधी गाडीची चौकशी होऊ लागली.

सुट्या भागांसाठी मी नाना पेठ पायी पालथी घातली. रबरी किट, क्लचची प्लेट, पॉइंट, प्लग या रोजच्या गोष्टी तिथे अजून मिळतात. दुकानदार आधी ‘नाही’ म्हणतो, मग गाडीचे साल विचारतो, मग आतून एक धुळकट खोका येतो. पण दाराचे कुलूप, दिव्याची कडी असले अंगावरचे दागिने मिळेनात. त्यासाठी एका रविवारी कुर्ल्याला गेलो. मघाशी टॅक्सीची गोष्ट सांगितली ती इथे लागू पडते. टॅक्सी म्हणून आयुष्य घालवलेल्या कितीतरी पद्मिनींचे अवयव कुर्ल्याच्या गाळ्यांत टांगलेले दिसले. दारे, बॉनेट, जाळ्या, वर पिवळा रंग आणि खाली काळा. ज्या कुर्ल्यात त्या जन्मल्या तिथेच त्यांची वाटणी चालली होती. मला कुलूप हवे होते. ते दोनशे रुपयांना मिळाले. गाळ्यातल्या चाचांनी विचारले, “टॅक्सी है या घर की?” ‘घर की’ म्हटल्यावर त्यांनी दिव्याची कडी फुकट दिली.

पेट्रोलच्या कामात एक नवी गोष्ट निघाली. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली पॅकिंगे यांना इथेनॉल मानवत नाही; रबर फुगते, मऊ पडते, मग चिरते. शिवाय ते पाणी धरून ठेवते आणि लोखंडी टाकीला आतून गंज चढतो. टाकीतले जुने पेट्रोल तर काकवीसारखे होऊन व्हार्निशचा वास मारत होते. मिस्त्रींनी टाकी उतरवून धुतली, नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या, आणि ताकीद दिली की गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवू नका. आठवड्यातून एकदा दहा-बारा किलोमीटर फिरवाच. बारा-तेराशे रुपयांच्या त्या नळ्या. पण इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकणे ही काटकसर करायची जागा नव्हे.

पंपाला हात लावताना आईला वरंध घाट आठवला. मे महिन्यात कोकणात जाताना चढावर गाडी हटकून थांबायची. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पातळ पेट्रोल ढकलू शकतो, वाफ नाही. उपाय सगळ्या फियाटवाल्यांना ठाऊक होता: ओले फडके पंपावर ठेवायचे. आमच्या घरी हे खाते वडिलांकडे होते. पंचा तांब्यात बुडवून पिळायचा, पंपावर गुंडाळायचा आणि गाडी सुरू होईपर्यंत शेजारी उभे राहायचे. “एवढं एकच काम यायचं त्यांना गाडीचं,” आई म्हणाली, “पण कधी कंटाळले नाहीत.” मिस्त्रींनी पंपाची पॅकिंग घट्ट करता करता मान हलवली. ‘ह्यांनी’ या शब्दाने सुरू होणारे शेरे वहीत २०११ पर्यंत आहेत.

एप्रिलभर कन्या मिस्त्रींच्या हाताखाली होती. बारावी संपली होती, निकाल यायचा होता. मिस्त्रींचे हात आता थोडे थरथरतात. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट पात्याने मोजून लावायची असते, आणि ते पाते त्यांच्याने स्थिर राहत नाही. त्यांनी तिला शिकवले. पाते आत-बाहेर करताना जेमतेम अटकले पाहिजे, ओढावे लागता कामा नये. “तुमच्या मुलीचा हात चांगला आहे,” ते मला म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, “माझ्या पोराला हे करायची वेळच येत नाही. त्याच्या गाड्यांना पॉइंटच नाहीत.”

२७ मेला सकाळी चोक ओढून गाडी सुरू झाली. पहिल्या किल्लीला नाही, चौथ्या. आधी थोडी मिसिंग मारत होती, मग सरळ झाली. आई खाली खुर्ची टाकून बसली होती. तिने इंजिनाकडे न पाहता मिस्त्रींना विचारले, “ब्रेक धरतोय?” मिस्त्रींनी आवाराच्या फाटकापर्यंत नेऊन दोनदा दाखवले. तेव्हा ती उठली, काठी मागच्या सीटवर टाकली आणि डाव्या बाजूला बसली. आमचे तात्पुरते भाड्याचे घर तिथून तीन किलोमीटरवर. गाडी मी चालवली आणि गिअर कधी बदलायचा ते आईने सांगितले.

सगळा रंग झाला नाही तो नाहीच. नव्या पत्र्यावर उघडा प्रायमर ठेवून पावसाळा काढता येत नाही, म्हणून दारांखालच्या पट्टीला साडेसात हजारांत रंग मारून घेतला. मलईचा रंग म्हणून जो मिसळला तो जुन्याशी जुळला नाही. त्यामुळे गाडी आता कमरेपर्यंत एका दुधाची आणि वर दुसऱ्या दुधाची दिसते. उरलेल्या पाच हजारांत पुढच्या सीटचे रेक्झिन करायचे सौ.ने ठरवले होते. पण ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार झाले, आणि रेक्झिन गेले. सौ.ने खणाच्या जुन्या पडद्यांची कव्हरे शिवली. सप्टेंबरात परिवहन कार्यालयात तपासणी झाली. निरीक्षकांनी हॉर्न, दिवे, ब्रेक पाहिले, खाली वाकून नवा पत्रा पाहिला, आणि आणखी पाच वर्षे मिळाली.

आईने चौथी वही घातली आहे. कन्येने शिकाऊ परवाना काढला असून, गिअर स्टिअरिंगवर असलेल्या गाडीवर शिकवायला कोणताही मोटार स्कूलवाला तयार नसल्याने शिकवणी आईकडेच आहे. भाऊ दिवाळीला येतो आहे. त्याने लाल रंगाचा आग्रह सोडलेला नाही. डाव्या मागच्या दाराची काच मात्र अजून हातांनी धरून वर ओढावी लागते. ती फिरवायची मूठ नाना पेठेत मिळाली नाही. कुर्ल्याच्या चाचांनी एक बाजूला ठेवली आहे म्हणून निरोप आहे, तेव्हा भाऊबीज झाली की मुंबईला एक खेप करायची आहे.